चूक दुरुस्त केली, तरी फोन थांबत नाहीत

पत्राचा सारांश : या वाचक पक्ष्यांविषयी लिहितात. दीड वर्षापूर्वी त्यांचं पुस्तक आलं. त्यात दोन पक्ष्यांच्या चित्रांखालची नावं उलटसुलट छापली गेली. एका गृहस्थांनी ईमेल करून ती चूक दाखवली. बाईंनी आभार मानले आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती केली. त्यानंतर गेले चौदा महिने त्या गृहस्थांचा संपर्क थांबलेला नाही. शंभरावर ईमेल आले आहेत. नंबर ब्लॉक केला की नव्या नंबरावरून फोन येतो. एका रात्री त्रेचाळीस मिस्ड कॉल आले. चव्वेचाळिसावा बाईंनी उचलला आणि पन्नास मिनिटं समजावून सांगितलं. आता प्रकाशकांना आणि बहिणीलाही पत्रं जातात, दोन व्याख्यानांना ते पहिल्या रांगेत बसले होते, आणि गेल्या महिन्यात लाल शाईने खुणा केलेली पुस्तकाची प्रत त्यांनी स्वतः येऊन घराच्या दाराशी ठेवली. पती म्हणतात, 'मी जाऊन दम देतो.' मैत्रीण म्हणते, 'नाव-फोटोसकट सगळं उघड कर.' बाईंनी मात्र सहा पानी मुद्देसूद उत्तर लिहून ठेवलं आहे. त्या विचारतात : 'हे शेवटचं उत्तर पाठवू का? धमकी तर त्यांनी कधी दिलेली नाही, मग याला छळ म्हणणं म्हणजे टीका सहन न होणं तर नव्हे? पुढच्या महिन्यात पुन्हा व्याख्यान आहे, ते रद्द करू का?'

उत्तर :

तुमच्या पत्रात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. फोन आले, पण आवाज चढवला नाही. दाराशी आले, पण काही तोडफोड केली नाही. रात्री उशिरा मेल येतात, पण मुद्दा पुस्तकाचाच असतो. प्रत्येक प्रसंग सांगून झाला की लगेच त्यांची बाजूही तुम्हीच मांडता. सुटा सुटा पाहिला तर यातला एकही प्रसंग गंभीर वाटत नाही, आणि म्हणूनच तुम्ही चौदा महिने थांबलात. छळ एका प्रसंगात सापडत नाही, तो सगळे प्रसंग तारखेवार एकाखाली एक मांडले की दिसतो.

आधी तुमच्या मनातली सगळ्यात घट्ट गाठ सोडवू या. तुम्ही धरून चालला आहात की पहिली चूक तुमची होती, म्हणून त्यांचं ऐकून घेणं तुमचं देणं लागतं. चूक होती, ती त्यांनी दाखवली, तुम्ही मान्य केली, छापील दुरुस्ती झाली. हिशेब तिथे मिटला. टीका बरोबर असली की टीका करणाऱ्याला तुमच्या फोनवर, दारावर, रात्रीच्या वेळेवर हक्क मिळतो असं नाही. ते तुमच्या पुस्तकाविषयी हवं तेवढं कठोर लिहू शकतात, दहा नियतकालिकांत दहा परीक्षणं छापू शकतात, ओळखीच्या प्रत्येकाला 'हे पुस्तक घेऊ नका' असं सांगू शकतात. ती टीका वाचकांसाठी असते. तुम्हाला गाठून, तुम्हाला नको असताना, फक्त तुमच्याच कानावर घातलेली गोष्ट वाचकांच्या काय उपयोगाची?

म्हणून 'त्यांचं म्हणणं खरं की खोटं' या प्रश्नाने काहीच ठरत नाही. वागणं पाहा. नकार कळल्यावरही संपर्क चालू आहे का? एक वाट बंद झाली की दुसरी शोधली जाते का? ज्यांचा पुस्तकाशी संबंध नाही अशी माणसं, जशी तुमची बहीण, यात ओढली जातात का? विषय पुस्तकावरून सरकत तुमच्या स्वभावावर, घरावर, येण्याजाण्यावर येतो का? आणि त्यामुळे तुमचं रोजचं वागणं बदललं आहे का? अनोळखी नंबर उचलायची भीती वाटते असं तुम्ही लिहिलंच आहे. धमकी ही यातली एक शक्यता आहे, अट नव्हे.

कालावधीचाही एक अंदाज संशोधनातून मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या रोझमेरी पर्सेल, मिशेल पाथे आणि पॉल म्युलन यांनी २००४ मध्ये हाच प्रश्न तपासला, की नकोसा संपर्क कुठवर त्रासदायक पण तात्पुरता असतो आणि कुठून त्याचा पाठलाग (स्टॉकिंग) बनतो. त्यांना दोन आठवड्यांच्या आसपास ती सीमा दिसली. त्याआत बहुतेक प्रकार आपोआप विरतात, त्यापुढे गेलेले दीर्घकाळ चालण्याचा संभव बराच वाढतो. तुमचे चौदा महिने झाले आहेत.

तरी एक गोष्ट तुम्हाला थोडी टोचेल, पण सांगायला हवी. तुमच्या पत्रात तुम्ही त्यांना स्पष्ट 'नको' म्हटल्याचं कुठेच दिसत नाही. 'सध्या कामात आहे', 'नंतर सविस्तर बोलू', 'तुमचा मुद्दा पोहोचला' अशी उत्तरं आहेत. दोष म्हणून हे दाखवत नाही. सभ्य माणूस असंच बोलतो, आणि समोरचाही सभ्य असेल तर तेवढ्यावर समजून घेतो. पण 'सध्या कामात आहे' याचा अर्थ त्यांच्या लेखी 'पुढच्या आठवड्यात मोकळी आहे' असा होतो. नंबर ब्लॉक करणं हाही नकारच आहे, पण पुढे कुठे दाखवायची वेळ आली तर लेखी, तारखेचा, एका अर्थाचा नकार लागतो.

म्हणून सहा पानी उत्तर पाठवू नका. ते कितीही चोख असलं तरी त्यातून त्यांच्या हाती वाद घालायला सहा पानं पडतील. म्युलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पाठलाग करणाऱ्या १४५ जणांचा अभ्यास करून त्यांचे पाच प्रकार मांडले. त्यातला एक प्रकार मनात आकस धरलेल्यांचा. अशा माणसाला आपणच अन्याय झालेला पक्ष आहोत असं मनापासून वाटत असतं. तुमचे गृहस्थ त्याच प्रकारात बसतात असं पत्रावरून ठरवता येत नाही, पण असा माणूस समोर असेल तर खुलासा त्याला पळवाट वाटतो आणि माफी कबुलीजबाब वाटते. पटवून देऊन तो थांबेल ही आशा सोडावी लागते. त्याच अभ्यासात या प्रकाराकडून धमक्या आणि वस्तूंची नासधूस जास्त दिसली, प्रत्यक्ष मारहाण मात्र इतर काही प्रकारांच्या मानाने कमी. म्हणजे घाबरून जायचं नाही आणि गाफीलही राहायचं नाही.

सहा पानांऐवजी एवढंच पाठवा :

'यापुढे फोन, संदेश, ईमेल, पत्र, प्रत्यक्ष भेट किंवा दुसऱ्या कोणामार्फत माझ्याशी संपर्क साधू नका. माझ्या घरी येऊ नका. माझ्या कुटुंबीयांशीही संपर्क साधू नका. यानंतर मी कोणत्याही संदेशाला उत्तर देणार नाही.'

खाली नाव आणि तारीख. यात 'कृपया' नाही, कारण ही विनंती नव्हे. कारण दिलेलं नाही, कारण दिलं की ते खोडता येतं. 'मला फार त्रास होतोय' हेही नाही, कारण त्रास होतोय हे कळणं काहींना हवंच असतं. 'नाहीतर पोलिसांत जाईन' असंही लिहू नका. जायचं असेल तर जा. नुसतं म्हणून गेलात नाही, की पुढच्या प्रत्येक शब्दाची किंमत कमी होते. प्रकाशकांचा उल्लेख मुद्दाम टाळला आहे. पुस्तकातली चूक प्रकाशकांना कळवण्याचा हक्क कोणत्याही वाचकाला आहे, आणि तोही बंद करायला गेलात तर तुमचा नकार टीका दाबण्यासारखा दिसेल.

हा मजकूर एकदाच आणि लेखी पाठवा, फोनवर सांगू नका. पोहोचल्याची नोंद राहील असं माध्यम निवडा. एकच अपवाद : त्यांनी आधीच धमकी दिली असती किंवा तुम्हाला जिवाची भीती वाटत असती, तर हे पाठवण्याआधी वकील किंवा पोलिसांचा सल्ला घ्या असं सांगितलं असतं. काही वेळा नकाराच्या पत्रानेच भडका उडतो.

त्यानंतरचं काम सगळ्यात अवघड, गप्प राहायचं. इथे त्या चव्वेचाळिसाव्या फोनकडे परत जाऊ. त्या रात्री तुम्ही त्यांना काय शिकवलं? त्रेचाळीस वेळा वाजू दिलं की चव्वेचाळिसाव्या वेळी पन्नास मिनिटं मिळतात. वर्तनशास्त्रात हे फार जुनं आहे. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये कबुतरांवरचे प्रयोग सविस्तर मांडले. दर वेळी दाणा मिळणारं कबुतर दाणा बंद झाल्यावर चोच मारणं लवकर सोडतं. पण कधी मिळेल याचा नेम नाही असा दाणा ज्याला मिळत आला, ते बराच काळ चोच मारत राहतं. तुमचं अधूनमधून उत्तर देणं हे त्या बेभरवशाच्या दाण्यासारखं झालं. रागाने दिलेलं उत्तरही दाणाच. 'आता बस करा' एवढे तीन शब्दसुद्धा.

यातून पुढचं कळतं. दाणा बंद झाला की चोच मारणं अनेकदा आधी वाढतं, मग कमी होतं. नकारानंतरच्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत फोन वाढतील, सूर बदलेल, कधी आर्जव येईल, कधी अपमान, कधी 'मला मोठी चूक सापडली आहे, कळवणं माझं कर्तव्य' असं आमिष. उपाय चुकला म्हणून असं होत नाही. पण नेमक्या या काळात एकदा उचललात तर त्रेचाळीसचे त्र्याण्णव होतील. म्हणून पतींना, बहिणीला आजच सांगून ठेवा की पहिले काही आठवडे जड जातील आणि कोणीही फोन उचलायचा नाही.

गप्प राहणं म्हणजे न बघणं नव्हे. ईमेलमध्ये एक नियम लावा, त्यांचे मेल मुख्य खान्यात न येता थेट वेगळ्या फोल्डरमध्ये जातील असा. ते फोल्डर तुम्ही उघडायचं नाही. आठवड्यातून दोनदा विश्वासातल्या एका व्यक्तीने, शक्यतो घराबाहेरच्या, ते चाळायचं. मुद्द्यांसाठी नाही, दोनच गोष्टींसाठी : धमकी आहे का, आणि तुमच्या हालचालींची नवी माहिती त्यांच्याकडे दिसते का. फोनचं मात्र तुम्ही ठरवा. ब्लॉक केलं तर शांतता मिळते, पण पुरावा कमी होतो आणि नवे नंबर सुरू होतात. ब्लॉक न करता त्या नंबराची घंटा तेवढी बंद केली तर सगळं नोंदवलं जातं. झोप उडाली असेल तर बेलाशक ब्लॉक करा. पुरावा तुमच्या झोपेपेक्षा मोठा नाही.

आता नोंदवही. एक साधी वही किंवा तक्ता पुरे. तारीख, वेळ, माध्यम, काय घडलं, कोणी पाहिलं, पुरावा कुठे ठेवला आहे. 'अत्यंत विकृत मेल' असं लिहू नका. 'रात्री २.१०, ईमेल, चौदा ओळी, घराच्या फाटकाच्या रंगाचा उल्लेख' असं लिहा. तुमच्यावर झालेला परिणामही एका ओळीत नोंदवा, 'संध्याकाळचं फिरणं बंद केलं' इतका ठोस. घटना घडली त्याच दिवशी लिहा, कारण महिन्यानंतर आठवून भरलेली वही वाचणाऱ्याला लगेच कळते.

पुरावे बहुतेकांचे बिघडतात ते छोट्या चुकांनी. स्क्रीनशॉटमध्ये तुम्ही ठेवलेलं नाव दिसतं आणि नंबर दिसत नाही. तारखेऐवजी 'काल' दिसतं. मेल दुसऱ्याला फॉरवर्ड करून मूळ मेल पुसला जातो, आणि तो कुठून कसा आला याची तांत्रिक माहिती मूळ मेलसोबतच जाते. म्हणून मूळ मेल पुसू नका, त्याची फाईल उतरवून घ्या. गप्पांचा भाग नव्हे, पूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करा, त्यात तुमची उत्तरंही येतील आणि आलीच पाहिजेत. लपवाछपवी पुढे तुमच्यावर उलटते. व्हॉइस मेसेज काही वेळा आपोआप पुसले जातात, त्यांची प्रत काढा. सगळ्याची एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या कोणाकडे असू द्या. पत्र आलं तर पाकीटही जपा, शिक्का आणि तारीख त्यावर असते. दाराशी ठेवलेली ती प्रत तुम्ही पुसून कपाटात ठेवली असं लिहिलं आहे. आता ती तशीच कागदी पिशवीत घाला, पिशवीवर तारीख टाका आणि पुन्हा हाताळू नका. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते.

पतींचा राग समजण्यासारखा आहे, पण त्यांनी दम द्यायला जाऊ नये. एक तर तोही संपर्कच, म्हणजे दाणाच. दुसरं, उद्या ते गृहस्थच फिर्यादी होतील आणि तुमच्या चौदा महिन्यांच्या वहीसमोर त्यांची एका संध्याकाळची तक्रार उभी राहील. समजावायला जाणाऱ्या भल्या मित्रांनाही हेच सांगा.

नाव-फोटो उघड करण्याविषयी माझं मत स्पष्ट आहे : नको. त्याने त्यांना श्रोते मिळतात, तुमच्यावर बदनामीचा दावा लावायला निमित्त मिळतं, आणि तुमच्या बाजूचे पन्नास अनोळखी लोक त्यांच्या घरी फोन करू लागले तर तुम्ही ज्याची तक्रार करत आहात तेच दुसऱ्या दिशेने सुरू होतं. पण जवळच्यांना सांगणं म्हणजे बदनामी नव्हे. बहीण, शेजारी, प्रकाशक, व्याख्यानाचे संयोजक यांना दोन ओळींत सांगा : या व्यक्तीला माझा पत्ता, नंबर, वेळापत्रक देऊ नये, निरोप माझ्यापर्यंत आणू नयेत, वाद घालू नये, आलेलं पत्र जपून ठेवावं.

प्रकाशकांना आणखी एक विनंती करा, पुस्तकातल्या चुका कळवण्यासाठी त्यांचा एक ठरलेला ईमेल पत्ता द्यावा आणि तो तुमच्याऐवजी संपादकांनी पाहावा. तिथे आलेली खरी चूक दुरुस्त व्हावी, मग ती त्या गृहस्थांनी का दाखवलेली असेना. टीकेला वाट राहते आणि तुमचं दार बंद होतं. शिक्षक, डॉक्टर, अधिकारी अशा वाचकांनी हे खास लक्षात घ्यावं. ज्यांच्या कामाचा जाब विचारण्याचा लोकांना हक्क आहे, त्यांना सरसकट 'संपर्क नको' म्हणता येत नाही. त्यांनी एकच लेखी मार्ग ठेवावा, प्रत्येक नव्या मुद्द्याला एकदा सकारण उत्तर द्यावं, आणि तोच मुद्दा पुन्हा आला तर 'यावर अमुक तारखेला उत्तर दिलं आहे' एवढंच कळवावं. एखाद्याने दोनदा आठवण करून दिली, चिडून एक पत्र लिहिलं, तर तो छळ नव्हे. हा शब्द तिथे वापरला तर खऱ्या तक्रारींचं वजन कमी होतं.

कायदा देशोदेशी वेगळा आहे. अमेरिकेत पाठलागाविरुद्धचा पहिला कायदा कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये केला. इंग्लंडच्या १९९७ च्या कायद्यात एका व्यक्तीच्या छळासाठी किमान दोन प्रसंगांची वागणूक लागते. भारतात २०१३ मध्ये दंड संहितेत पाठलागाचं कलम आलं, आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. त्यात पुरुषाने स्त्रीचा केलेला पाठलागच येतो. स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवल्यावरही वैयक्तिक जवळीक वाढवण्यासाठी वारंवार संपर्क, असे त्याचे शब्द आहेत. टीकेच्या निमित्ताने होणारा संपर्क त्यात बसतो का, हे वकिलाला वही दाखवून विचारा. स्पष्ट अनिच्छा लेखी असणं किती मोलाचं, ते इथे कळतं. तक्रारीला जाताना चारशे पानांचा गठ्ठा नेऊ नका. वर एक पान : केव्हापासून, किती वेळा, नकार कधी दिला, त्यानंतर काय काय झालं, सगळ्यात गंभीर तीन प्रसंग. वही आणि पुरावे त्यामागे. तक्रारीची पोच घ्या.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र वही पूर्ण व्हायची वाट पाहू नका, त्याच दिवशी पोलिसांकडे जा. तुमच्या रोजच्या वेळा त्यांना ठाऊक असल्याचं दिसणं. शस्त्राचा उल्लेख. 'ही शेवटची संधी', 'अमुक तारखेपर्यंत' अशी मुदत. 'आता माझ्याकडे गमावण्यासारखं काही उरलं नाही' अशी भाषा, स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याची भाषासुद्धा. घराशी पुन्हा येणं. शिव्यांनी भरलेल्या लांबलचक मेलपेक्षा शांत सुरातलं एक वाक्य कधीकधी जास्त काळजीचं असतं, म्हणून फोल्डर चाळणाऱ्या व्यक्तीला ही यादी लिहून द्या.

राहिलं व्याख्यान. ते रद्द करू नका. संयोजकांना आजच कळवा आणि त्या गृहस्थांचा फोटो फक्त दारावरच्या माणसाला दाखवा. नावनोंदणी करून प्रवेश ठेवता आला तर उत्तम. खासगी कार्यक्रम असेल तर प्रवेश नाकारायचा की नाही हे संयोजकांनी ठरवायचं आणि नाकारायचा झाला तर त्यांनीच सांगायचं, तुम्ही नाही. प्रश्न चिठ्ठीवर घ्या आणि सूत्रसंचालकाने निवडून वाचावेत. कार्यक्रमाचे फोटो तिथून निघाल्यावरच टाका. पोहोचताना आणि निघताना कोणीतरी सोबत असू द्या, आणि नेहमीच्या वाटेने जाऊ नका. ते आत आलेच आणि पहिल्या रांगेत बसले, तर त्यांच्याकडे पाहून एकही वाक्य बोलू नका, तिसऱ्या रांगेतल्या एखाद्या चेहऱ्याकडे पाहून बोला. घरी आल्यावर वहीत तारीख, वेळ आणि ते कुठे बसले होते ते लिहा, आणि शेजारी कोण बसलं होतं त्याचं नाव संयोजकांकडून घ्या.